एक हात की दोन हात : सहा जुन्या लष्करी हत्यारांच्या चाचणीच्या नोंदी

६ एप्रिल २०२४, शनिवार

दोन्ही महायुद्धांच्या काळात निरनिराळ्या सैन्यांनी वापरलेली सहा हत्यारे एकाच रेंजवर, एकाच अंतरावरून आणि एकाच माणसाच्या हातून चालवून त्यांची तुलना करायची, हे काम या वसंतात हाती घेतले आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या दक्षिणेला आमच्या क्लबची उघडी रेंज आहे आणि तेथील २५ यार्डांची, म्हणजे सुमारे २३ मीटरची, मार्गिका पंधरा दिवसांआड शनिवारी सकाळी आम्हाला मिळणार आहे. सहापैकी तीन हत्यारे माझी आहेत. उरलेली तीन क्लबातील एका ज्येष्ठ सदस्याची असून ती वापरताना ते स्वतः शेजारी उभे राहतील, एवढीच त्यांची अट आहे.

माझ्याकडे रेमिंग्टन रँड कंपनीने १९४३ साली बनवलेले एम १९११ ए १, बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्याचे १९१७ चे लुगर पी ०८ आणि १९१७ चेच वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हर आहे. या ज्येष्ठ सदस्याकडे, म्हणजे माझ्या मित्राकडे, टोरोंटोच्या इंग्लिस कारखान्यातील ब्राउनिंग हाय पॉवर, श्प्रेवेर्क कारखान्याचा शिक्का असलेले १९४४ चे वाल्थर पी ३८ आणि रशियातील तुला येथील १९३८ चे नागाँ रिव्हॉल्व्हर आहे.

आज गोळी चालवली नाही, दिवसभर फक्त तपासणी केली. नळीतील आटे, चापाची पकड, स्प्रिंगांचा ताण आणि रिव्हॉल्व्हरच्या चक्रीचा हलेपणा पाहून प्रत्येकाची नोंद केली. लुगरच्या सुट्या भागांवर कोरलेले क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत आणि म्हणूनच ते मला परवडले होते. सर्व क्रमांक जुळणारे लुगर संग्राहक सहसा कपाटातच ठेवतात, कारण एखादा लहानसा भाग तुटला तरी त्याची निम्मी किंमत जाते. माझे बिचारे निर्धास्तपणे रेंजवर येऊ शकते. वेब्लीची गोष्ट उलटी आहे. अमेरिकेत आलेल्या अशा असंख्य रिव्हॉल्व्हरांची चक्री मागून तासून त्यांत .४५ एसीपी, म्हणजे १९११ पिस्तुलाचे, काडतूस बसेल अशी सोय करण्यात आली, परंतु त्या काडतुसाचा दाब वेब्लीच्या मूळ चाचणीदाबाहूनही जास्त असल्यामुळे पुष्कळ हत्यारे त्यात खराब झाली. माझ्या वेब्लीच्या चक्रीला कोणीही कानस लावलेली नाही आणि त्यात फिओची कंपनीची .४५५ काडतुसेच जातील.

सोमवारी येथून खग्रास सूर्यग्रहण दिसणार असल्याने पत्नीचे आईवडील पुण्याहून आले आहेत. सासरे खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले असून या कामात त्यांना माझ्याइतकाच रस आहे. मात्र पर्यटक व्हिसावर आलेल्या व्यक्तीने शस्त्र किंवा काडतूस बाळगण्यास येथील संघीय कायद्याची, काही ठरावीक अपवाद सोडता, मनाई आहे. म्हणून त्यांनी दुर्बीण आणि वही घेऊन मागच्या बाकावर बसावे आणि गुण लिहावेत असे ठरले. जावयाने नेम धरायचा आणि सासऱ्याने गुण द्यायचे, ही व्यवस्था त्यांना फारच पसंत पडली.

२० एप्रिल २०२४, शनिवार

पद्धत अशी ठरवली आहे: लक्ष्यपत्र बी-८, दहा गोळ्यांची एक फेरी, कमाल शंभर गुण, प्रत्येक हत्याराच्या तीन फेऱ्या आणि त्यांची सरासरी. उभे राहून, दोन्ही हातांनी धरून, घाई न करता नेम धरायचा. रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा मागचा भाग, दर वेळी अंगठ्याने मागे ओढून घ्यायचा.

सुरुवात एम १९११ ए १ ने केली. टंकलेखन यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने युद्धकाळात तयार केलेले हे पिस्तूल हलवले की स्लाइड, म्हणजे नळीवरचा पुढेमागे सरकणारा भाग, किंचित खुळखुळते, आणि हा सैलपणा मला दोष वाटत नाही. जॉन ब्राउनिंग यांच्या या आराखड्याने लष्कराच्या ६,००० गोळ्यांच्या चाचणीत एकदाही अडथळा येऊ दिला नव्हता आणि २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी लष्कराने तो स्वीकारला. २३० ग्रेनची, म्हणजे सुमारे १५ ग्रॅमची, गोळी सेकंदाला साधारण २५० मीटर वेगाने जाते आणि तिचा धक्का मनगटाला वरच्या बाजूस ढकलतो. पण तो अंगावर येत नाही. खरा त्रास माशीचा, म्हणजे नळीच्या टोकावरील नेम धरण्याच्या उंचवट्याचा, आहे. पुढची माशी आणि मागची खाच इतकी बारीक आहेत की पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या डोळ्यांना राखाडी आकाशाखाली ती अंदाजानेच जुळवावी लागतात. सरासरी ८६.

हाय पॉवर हातात घेताच मित्राने हसून सांगितले की हे तुमच्याही देशाचे पिस्तूल आहे, आणि ते खरेच आहे. ब्राउनिंग यांचे १९२६ साली बेल्जियममध्ये निधन झाल्यावर द्यूदोने सैव्ह यांनी हा आराखडा पूर्ण केला, १९३५ मध्ये हेर्स्टालच्या एफएन कारखान्याने तो बाजारात आणला आणि जर्मनांनी बेल्जियम व्यापल्यावर तेथून निसटलेल्या अभियंत्यांच्या मदतीने कॅनडात त्याचे उत्पादन सुरू झाले. भारतीय सैन्याचे ९ मिलिमीटर १ ए पिस्तूल याच कुळातले असून ते बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होते. ब्राउनिंग हे नाव मराठी वाचकाला १९०९ च्या नाशिकच्या जॅक्सन प्रकरणापासून ऐकून माहीत असते. ती पिस्तुले याहून जुनी आणि लहान होती, ही आठवण सासऱ्यांनी बाकावरूनच करून दिली.

तेरा गोळ्यांचे मॅगझिन असूनही याची मूठ हातात भरून उरत नाही, ही त्या आराखड्यातली कमालीची गोष्ट आहे. मॅगझिन काढले असता चाप चालू नये यासाठी बसवलेल्या सेफ्टीमुळे चाप मात्र खरखरीत लागतो, आणि अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यात घोड्याने दोनदा चिमटा काढला. तरीही सरासरी ८८ आली आणि आजच्या दिवसात तीच सर्वाधिक ठरली.

वेब्लीकडून मला फार अपेक्षा होत्या, त्यामुळे ७७ ची सरासरी पाहून मन थोडे खट्टू झाले. रिव्हॉल्व्हर रिकामे असतानाच एक किलोहून जास्त भरते, त्याची मूठ एका मोठ्या हाताला बेताची आणि दोन हातांना अपुरी आहे. डाव्या हाताची बोटे नेमकी कोठे ठेवावीत हे तिसऱ्या फेरीपर्यंत मला उमगले नाही. गोळी २६० ग्रेनच्या आसपासची, पण संथ आहे. ती सुटताना कानाला टाळी वाजल्याचा भास होण्याऐवजी जाड दार लोटल्यासारखा आवाज होतो आणि धक्काही त्याच जातीचा, लांबवर रेंगाळणारा असतो.

४ मे २०२४, शनिवार

आज लुगर, पी ३८ आणि नागाँ यांच्या दोन हातांच्या फेऱ्या झाल्या. हवा कोरडी होती आणि ऊन पाठीमागून येत असल्याने माश्या स्वच्छ दिसल्या.

लुगरने पहिल्याच फेरीत दोनदा पुंगळी टॉगलमध्ये पकडून ठेवली. लुगरची नळी आणि तिच्या मागचे सांध्यांचे टॉगल प्रथम एकत्रच मागे सरकतात, त्यानंतर टॉगलचा मधला सांधा चौकटीच्या उतारावर आदळून वर उचलला जातो आणि तेव्हाच नळीची मागची बाजू उघडते. आपल्या गुडघ्यासारखी ही रचना आहे: सरळ रेषेत असताना ती कितीही भार पेलते, पण सांधा एकदा रेषेच्या वर गेला की सहज दुमडते. मात्र तो वर जाण्यासाठी काडतुसात पुरेसा जोर असावा लागतो आणि आज स्वस्त म्हणून घेतलेली ११५ ग्रेनची हलकी काडतुसे त्यासाठी अपुरी पडत होती. १२४ ग्रेनची काडतुसे भरताच तक्रार थांबली. पहिली फेरी रद्द करून पुन्हा घेतली, सरासरी ८४.

या पिस्तुलाचा चाप मला कधीच आवडलेला नाही. बोटाचा दाब चौकटीच्या बाजूच्या पट्टीखालून वळणे घेत जातो, त्यामुळे स्पंज दाबल्यासारखे वाटते. मूठही १९११ पेक्षा बरीच तिरकी असल्याने दोन हातांनी धरले की नळी आकाशाकडे झुकते आणि मनगटे मुद्दाम खाली दाबावी लागतात. एवढे असूनही ८४ गुण कसे मिळाले, याचे आश्चर्य वाटले.

पी ३८ च्या स्लाइडवर यंत्राच्या पात्याचे ओरखडे जसेच्या तसे आहेत, कारण १९४४ मध्ये ते घासून काढायला कोणाला सवड नव्हती. आतली रचना मात्र उत्तम आहे. नळीखाली घसरणाऱ्या ठोकळ्याचे हेच कुलूप पुढे बेरेटाच्या पिस्तुलातून अमेरिकी लष्करातही पोचले. पहिली गोळी लांब, जड चापाने आणि बाकीच्या हलक्या चापाने सुटतात. पहिली गोळी प्रत्येक फेरीत डावीकडे खाली गेली. सरासरी ७९.

नागाँबद्दल उत्सुकता होती ती त्याच्या चक्रीमुळे. घोडा मागे घेतला की चक्री पुढे सरकून नळीच्या मागच्या टोकाला भिडते, आणि काडतुसाची पुंगळी गोळीच्याही पुढे वाढवलेली असल्याने तिचे तोंड फट बंद करते. त्यामुळे इतर रिव्हॉल्व्हरांच्या फटीतून बाजूला जाणारा वायू येथे वाया जात नाही. युक्ती बुद्धिमान आहे, पण तिची किंमत बोटाने मोजावी लागते: घोडा न उचलता नुसत्या चापाने गोळी सोडायची म्हटले तर माझी तर्जनी थरथरू लागते. सरासरी ७२.

मित्राने नागाँसाठी जुनी सोव्हिएत लष्करी काडतुसेही आणली होती, ती फेऱ्यांच्या गणनेत न धरता शेवटी सात चालवली. सासऱ्यांनी लगेच बजावले, “जावईबापू, आज तेलाच्या बाटलीवर विसंबू नका. आधी गरम पाणी.” जुन्या प्रायमरमधील, म्हणजे काडतुसाच्या बुडातील पेट घेणाऱ्या मिश्रणातील, पोटॅशियम क्लोरेट जळून मागे पोटॅशियम क्लोराइड उरते, ते मिठासारखे हवेतील ओलावा ओढते, पाण्यात विरघळते, पण तेलात विरघळत नाही. म्हणून अशा नळीला नुसते तेल चोपडले तर गंज तेलाखाली सुखाने वाढतो. घरी येताच नळी आणि चक्री उकळत्या पाण्याने धुतली, कोरडी केली आणि मगच तेल लावले.

मित्राच्या रिकाम्या पुंगळ्यांच्या डब्यात .३०३ रायफलची एक जुनी पुंगळी निघाली आणि तिच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे होती. इंग्रजांच्या काळातील स्पेलिंगप्रमाणे ते किर्की फॅक्टरी, म्हणजे खडकी. सासऱ्यांनी ती मित्राच्या तळहातावरच उलटसुलट करवून पाहिली, तिच्याकडे बराच वेळ न बोलता पाहत राहिले आणि नंतर म्हणाले की पितळ अजून चांगले आहे.

परतताना गाडीत त्यांनी एक प्रश्न विचारला, त्याने पुढचा सगळा कार्यक्रम बदलला. “तुम्ही दोन हातांनी का धरता? जुन्या फोटोंतले सगळे अधिकारी एकाच हाताने नेम धरून उभे असतात.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन हातांची आजची रूढ पद्धत कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात जॅक वीव्हर यांच्यापासून रुळली. तोवर ही सहाही हत्यारे तयार होऊन जुनी झाली होती. यांतील बहुतेकांच्या मुठीला दोरी बांधण्याची कडी आहे, आणि १९११ वरील अंगठ्याची सेफ्टी तर घोडदळाच्या मागणीवरून बसवलेली आहे. स्वाराचा दुसरा हात लगामावर असतो. म्हणजे दोन शनिवार मी हत्यारांची नव्हे, तर माझ्या सवयीची परीक्षा घेत होतो.

१८ मे २०२४, शनिवार

सर्व अटी त्याच ठेवून आज केवळ एका हाताने नेम धरला. शरीर लक्ष्याला आडवे, उजवा हात सरळ, डावा हात पँटच्या खिशात. ही पद्धत येथे मेलेली नाही. एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी येथे १९०७ पासून होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धांत पिस्तुलाचे जुने सामने आजही याच रीतीने होतात. मी मात्र गेल्या कित्येक वर्षांत अशी एकही फेरी घेतली नव्हती, त्यामुळे पहिल्या वीस गोळ्या सरावातच घालवल्या आणि त्या मोजल्या नाहीत.

लुगर एका हातात घेऊन डोळे मिटले, हात उचलला आणि डोळे उघडले, तेव्हा माशी खाचेत आणि खाच लक्ष्याच्या मध्यावर होती. मनगट खाली दाबावे लागले नाही. दोन हातांनी धरताना जी मूठ चुकीच्या कोनात बसवली आहे असे वाटत होते, ती सरळ ताणलेल्या एका हाताच्या नैसर्गिक रेषेत नेमकी बसते. नळी मुठीच्या फार वर नसल्याने आणि टॉगल मागे सरळ जात असल्याने धक्काही हाताच्या रेषेतूनच खांद्यात उतरतो. सरासरी ८३; दोन हातांपेक्षा फक्त एक गुण कमी.

वेब्लीने तर उलटे केले. एका हाताने तिची सरासरी ७८ झाली, म्हणजे दोन हातांपेक्षा एक गुण जास्त. डाव्या बोटांसाठी जागा शोधण्याचा प्रश्नच उरला नाही. वजन पुढे असल्याने नळी डोलत नाही, आणि संथ धक्का हात वर उचलून तसाच परत खाली आणून ठेवतो. हात खाली येताना अंगठा आपसूक घोड्यापर्यंत पोचतो. ही हालचाल इतकी गोळीबंद आहे की ती आराखडा करणाऱ्यांच्या मनात होतीच, असे मी म्हणेन.

१९११ ची सरासरी ८० झाली, ही सहा गुणांची घट समजण्याजोगी आहे. नागाँ ६४ वर आले. पी ३८ ची ७९ वरून ६६ अशी पडझड झाली, आणि त्यात पहिल्या जड चापाचा वाटा मोठा होता. एका हाताने तो ओढताना माशी खाचेतून बाहेर पळते. पण मला सर्वांत विचारात टाकले ते हाय पॉवरने. दोन हातांनी अव्वल आलेले हे पिस्तूल ८८ वरून ७८ वर येऊन वेब्लीच्या शेजारी बसले. त्याचा खरखरीत चाप एका हाताला सांभाळावा लागतो, आणि इतर पिस्तुले जेथे हाताला आधार देतात तेथे हे केवळ हातात मावते.

सासऱ्यांनी वहीत दोन्ही दिवसांचे रकाने शेजारी शेजारी आखून दिले आणि खाली लिहिले, ‘फरक पाहा, गुण नको.’ निवृत्त झालेल्या तपासनिसाचा हा शेरा मी तसाच ठेवला आहे.

१ जून २०२४, शनिवार

सकाळपासून पाऊस असल्याने नेमाच्या फेऱ्या रद्द केल्या. छताखाली दारू नसलेली सरावाची काडतुसे वापरून दोन्ही रिव्हॉल्व्हर पुन्हा भरण्याचा वेळ तेवढा मोजला. वेब्ली मधल्या बिजागरीवर उघडली की सहाही पुंगळ्या एकाच वेळी बाहेर फेकल्या जातात. सुटी काडतुसे हाताने भरून ती बंद करायला मला १५ सेकंद लागले. नागाँत प्रत्येक पुंगळी बाजूच्या झडपेतून सळीने ढकलून काढावी लागते, त्याला ५२ सेकंद लागले आणि त्यात एक काडतूस चिखलात पडले.

१५ जून २०२४, शनिवार

मेमधील निकाल दमल्यामुळे किंवा क्रमामुळे आला असेल, ही शंका मनात होती. त्या दिवशी लुगर आणि वेब्ली सुरुवातीला, हात ताजा असताना चालवली होती आणि हाय पॉवर सर्वांत शेवटी. म्हणून आज क्रम उलटा ठेवला आणि एका हाताच्या तीन तीन फेऱ्या पुन्हा घेतल्या.

हाय पॉवरला आज ताज्या हाताचा लाभ मिळून ८१ पडले, म्हणजे शंका अगदीच निराधार नव्हती. वेब्ली शेवटी येऊनही ७७ वर टिकली. १९११ ला ८१, पी ३८ ला ६८, नागाँला ६३ मिळाले. लुगर ८२ वर राहिले आणि एका हाताच्या दोन्ही दिवशी पहिले आले, जरी आजचे अंतर फक्त एका गुणाचे आहे. एवढ्या अंतरावरून लुगर १९११ पेक्षा सरस आहे असे मी लिहिणार नाही. पण एक हात आणि दोन हात यांतला सर्वांत कमी फरक लुगर आणि वेब्ली यांच्यातच आहे, हे दोन्ही दिवस सारखेच दिसले आणि त्याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

मित्राचे म्हणणे वेगळे आहे. त्यांच्या मते २५ यार्डांवर कागदाला भोके पाडणे हे पी ३८ चे कामच नव्हते. भरलेले पिस्तूल निर्धास्तपणे जवळ बाळगता यावे आणि दहा पावलांवर नुसता चाप ओढताच चालावे, यासाठी तो जड पहिला चाप आहे. आक्षेप रास्त आहे. त्यामुळे सात यार्डांवरून, पाच सेकंदांत दोन गोळ्या, अशी वेगळी फेरी जुलैत घ्यायची असे ठरले. तेव्हा गुण लिहायला सासरे नसतील. ते येत्या गुरुवारी पुण्याला परत जात आहेत आणि वहीचे पुढचे रकाने त्यांनी आधीच आखून ठेवले आहेत.

लुगरच्या मॅगझिनची स्प्रिंग मऊ पडली आहे, ती बदलायची आहे. वेब्लीची १८ काडतुसे उरली आहेत. नागाँची नळी पुन्हा तपासली, गंज नाही.